बॅग पहिल्या महिन्याची, हिशेब दोन वर्षांचा

२०२४च्या पावसाळ्यात आमच्या घरात एकच आकडा बोलला जात होता: ११,९०४ युरो. जर्मनीत शिकायला जायचं तर व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाएवढी रक्कम ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये आधीच भरून दाखवावी लागते. १ सप्टेंबर २०२४ पासून ती ११,२०८ वरून ११,९०४ युरो झाली आणि माझा अर्ज सप्टेंबरातच जाणार होता. रुपयांत ही रक्कम अकरा लाखांच्या घरात जात होती. बाबांनी ती सोयाबीनमध्ये मोजली. त्या वर्षीचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, पण बाजारात भाव त्याच्या बराच खाली होता. चार हजार तीनशे धरले तर अडीचशे क्विंटलांच्या वर माल झाला. बुलढाणा जिल्ह्यातल्या चिखली तालुक्यात आमची पाच एकर शेती, एकरी उतारा सात क्विंटलांचा. म्हणजे बी-खत-मजुरी वजा न करता सात वर्षांचं पीक, माझ्या एका वर्षासाठी.

बाबा सातबारा घेऊन बँकेत गेले. तिथे समजलं, की शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण चालत नाही. थकलेल्या कर्जापोटी बँकेला मालमत्ता थेट ताब्यात घेता यावी, यासाठी २००२ मध्ये सरफेसी कायदा झाला. त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. शेतकऱ्याची जमीन अशी सहज जाऊ नये हे योग्यच आहे. पण मोठ्या शैक्षणिक कर्जाला बहुतेकदा तारण लागतं, आणि शेतकऱ्याकडे जमिनीशिवाय दुसरं असतं काय? शेवटी मामांनी चिखलीतला त्यांचा एन.ए. (बिगरशेती) प्लॉट तारण दिला आणि चौदा लाखांचं कर्ज मंजूर झालं. परदेशात शिकायचा विचार ज्यांच्या घरात सुरू असेल, त्यांनी प्रवेशाचं पत्र यायच्या आधीच तारणाचा प्रश्न सोडवायला घ्यावा. जर्मनीसाठी आपल्या शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्र लागतं, त्याची फी १८,००० रुपये. व्हिसाची फी, भाषेची परीक्षा, मुंबईच्या फेऱ्या हा खर्च कर्ज हातात पडण्याआधीच होतो. तो घरातूनच उभा करावा लागतो.

शिष्यवृत्त्या आहेत आणि त्यांची माहिती गावापर्यंत पोचली पाहिजे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी ‘सारथी’ या सरकारी संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड शिष्यवृत्ती आहे. या योजनांना विद्यापीठ जागतिक क्रमवारीत पहिल्या दोनशेत लागतं. माझं केमनिट्स तंत्र विद्यापीठ त्यात बसत नव्हतं. पण तिथे शिकवणी शुल्क नाही, आणि शहरही स्वस्त. आमच्याच जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारेचे राजू केंद्रे २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला गेले. त्यांची एकलव्य संस्था घरातून पहिल्यांदाच उच्च शिक्षणाकडे वळलेल्या मुलांना मार्गदर्शन करते. शेगावच्या इंजिनीअरिंग कॉलेजात असताना मला हे वाचून धीर आला होता. लोणारातून कुणी गेलं, म्हणजे चिखलीतूनही जाता येईल.

पैशांचं मार्गी लागलं तशी बॅग भरायला घेतली. तिकिटावर २३ किलोची एक मोठी बॅग आणि हातातली ८ किलोची, एवढीच मुभा होती. आईने महिनाभर आधीपासून डबे भरायला काढले होते: येसर, जवसाची चटणी, तिखट, हळद, कुरड्या, मुगवड्या, शेंगदाण्याचे लाडू, दहा किलो तांदूळ आणि घरचं तूप. मी काही बाहेर काढलं की ती म्हणायची, “तिकडं भेटन का नाही कोण जाणे, घेऊन जाय.” तिची काळजी खरी होती. माझ्या मनातही परदेश म्हणजे काहीच न मिळणारी जागा, असंच चित्र होतं. मग केमनिट्समध्ये शिकणाऱ्या एका अमरावतीच्या ताईला फोन केला. ती म्हणाली, “दोन वर्षांची बॅग भरू नकोस. पहिल्या महिन्याची भर.” पुढची सगळी निवड मी या एका वाक्यावर केली.

तांदूळ, मसूर, हरभरे, हळद, कणीक हे तिथल्या तुर्की, अरबी आणि आशियाई दुकानांत मिळतं. येसर आणि जवसाची चटणी मिळत नाही. म्हणून तांदूळ घरी राहिला आणि येसर आलं. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे तूप आणि पेढे काढावे लागले. बहुतेक ताज्या फळांना, भाज्यांना आणि पाल्याला रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून परसातला कढीपत्ताही नाही. आईला हे समजावून सांगितलं तेव्हा तिने तुपाच्या जागी तिळाची चटणी भरली. तीन लिटरचा सपाट बुडाचा कुकर घेतला. वसतिगृहात गॅस नसतो, विजेची शेगडी असते. लाटणं आणि लहान तवाही घेतला. पावडरी, चटण्या दुहेरी पिशव्यांत बांधून वर नावं इंग्रजीत लिहिली, म्हणजे तपासणीत कुणी विचारलं तर सांगायला सोपं.

जाड कोट नेला नाही. आपल्याकडच्या थंडीसाठी शिवलेला कोट उणे तापमानाला पुरत नाही, आणि अर्ध्या बॅगेची जागा खातो. आतून घालायचे थर्मल दोन जोड, एक जाकीट, लोकरीची टोपी एवढ्यावर मी उतरले. कोट आणि बूट तिथल्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून घेतले. चष्म्याच्या मात्र दोन जोड्या नेल्या, कारण तिकडे चष्मा महाग. निघण्याआधी दात दाखवून घेतले. स्वतःपुरती तीन महिन्यांची औषधं नेता येतात. डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत आणि औषधाच्या मूळ नावासह घेतली. आपल्याकडे दुकानात सहज मिळणारी अँटिबायोटिक्स तिकडे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. आपला तीन पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटात बसत नाही, म्हणून एक अडॅप्टर आणि घरचा एक एक्स्टेन्शन बोर्ड नेला. फोन, लॅपटॉपचे चार्जर एका अडॅप्टरवर चालतात. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. मूळ गुणपत्रिका, पदवी, प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र, विम्याचा कागद, पासपोर्ट फोटो हेही हातातच. मोठी बॅग मागे राहिली तरी माणूस थांबत नाही. हे कागद मागे राहिले तर सगळंच थांबतं. सोयाबीनचे कट्टे मोजायच्या काट्यावर बाबांनी बॅग ठेवली, काटा साडेबावीसवर थांबला आणि आम्ही शेगावहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला निघालो.

पहिला महिना का महत्त्वाचा, हे तिथे पोचल्यावर नीट उमगतं. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे आपलेच असले तरी लगेच हाती येत नाहीत. ते दर महिन्याला ९९२ युरो असे सुटतात, आणि तेही जर्मनीतल्या चालू खात्यात. खातं उघडायला बहुतेक बँका नगर कार्यालयातल्या नोंदणीचा कागद मागतात. नोंदणीसाठी घरमालकाचं किंवा वसतिगृहाचं पत्र लागतं. खोलीची किल्ली अनामत आणि पहिलं भाडं भरल्यावर मिळते. विद्यापीठाची सत्राची वर्गणीही सुरुवातीलाच द्यावी लागते. एवढ्या साऱ्या पायऱ्या चढेपर्यंत खर्च थांबत नाही. मी बाराशे युरो फॉरेक्स कार्डावर आणि तीनशे रोख नेले होते. काही बेकऱ्यांत, लहान दुकानांत रोखच चालते, हे त्या दिवसांत कळलं. फॉरेक्स कार्डाचा फायदा असा, की युरोचा दर भरतानाच ठरून जातो. घरच्या डेबिट कार्डाने बाहेर खर्च केला तर बहुतेक बँका वर टक्केवारी लावतात. आणि यंत्राने “रुपयांत घेऊ की युरोत” असं विचारलं, तर नेहमी युरो निवडावं. रुपये निवडले की दर दुकानाची यंत्रणा ठरवते, आणि तो महाग पडतो.

आणखी एक गोष्ट घर सोडण्याआधी करायची: भारतातला मोबाइल नंबर चालू ठेवायचा आणि त्यावर रोमिंग सुरू करून घ्यायचं. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. तो आला नाही तर आपलंच खातं आपल्याला उघडत नाही. भारतातलं बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतं, कारण परदेशात शिकणारा विद्यार्थी परकीय चलनाच्या नियमांत अनिवासी धरला जातो. बाहेर पाठवलेल्या पैशांवर कर आधीच कापला जातो, तोही समजून घ्यावा. माझ्या वेळी कर्जाच्या रकमेतल्या सात लाखांवरच्या भागावर अर्धा टक्का कापला. विवरणपत्र भरलं की तो परत मागता येतो. १ एप्रिल २०२५ पासून मान्यताप्राप्त संस्थेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जावर तो कापलाच जात नाही.

रोजच्या खर्चाला मात्र दुसरी शिस्त लागते. सुरुवातीला प्रत्येक वस्तूचे मी रुपये करायचे. अडीच युरोंची कोबी म्हणजे अडीचशेच्या जवळपास, आणि आमच्या आठवडी बाजारात तीच वीस रुपयांना! असं मोजत गेलं की हात काहीच उचलत नाही, आणि भाजी न खाता हिवाळा काढता येत नाही. म्हणून मी दोन हिशेब वेगळे केले. वाण्याकडे जाताना युरोच मोजायचे, महिन्याच्या ९९२च्या चौकटीत: वसतिगृहाचं भाडं दोनशे ऐंशी, आरोग्य विमा तेव्हा सव्वाशेच्या आसपास, जेवण दोनशेच्या आत, फोन आणि बाकी किरकोळ. महिनाअखेर जे उरेल त्याचे रुपये करायचे, कारण ते रुपये कर्जाचे आहेत. लॅपटॉप, प्रवास, भारताची फेरी असा मोठा खर्च असेल, तेव्हा बाबांचं सोयाबीनचं माप लावून पाहते. मोठ्या निर्णयाला तेच माप खरं आहे.

२०२४च्या मार्चपासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. किमान वेतन तेव्हा तासाला १२.४१ युरो होतं, २०२५ मध्ये १२.८२ झालं. मी आधी गोदामात, नंतर विभागातच साहाय्यक म्हणून काम केलं; विद्यापीठातलं हे काम त्या दिवसांत मोजलं जात नाही. या कमाईतून मी महिन्याला बारा हजार रुपयांच्या आसपास घरी पाठवते. तेवढंच कर्जाचं महिन्याचं व्याज आहे. शिक्षण सुरू असताना हप्ता भरावा लागत नाही, पण व्याज चढतच असतं; ते तेव्हाच भरलं तर अनेक सरकारी बँका दरात एक टक्का सूट देतात. मामांचा प्लॉट गहाण आहे, ही गोष्ट मी कधी नजरेआड होऊ दिली नाही.

शिक्षणासाठी पैशांची ही ओढाताण आपल्याकडे नवी नाही. १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या महाराजांच्या महिना साडेअकरा पौंडांवर, तीन वर्षांच्या मुदतीने. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपल्याने त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा सोडून परतावं लागलं, आणि वेगळ्या जहाजाने पाठवलेली त्यांची पुस्तकं जहाजासकट बुडाली. तरी मुंबईत नोकरी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडचं कर्ज यांवर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि अभ्यास पुरा केला. पैसा तुटला म्हणजे शिक्षण संपलं, असं त्यांनी मानलं नाही.

आता मेहकर, देऊळगाव राजा, मलकापूरकडच्या मुलींचे फोन येतात. त्या आधी बॅगेबद्दल विचारतात, मी आधी कर्जाबद्दल विचारते: व्याजदर किती, तारण कुणाचं, पहिल्या महिन्याचे पैसे वेगळे ठेवलेत का? बऱ्याच घरांत मुलीला कर्जाचा नेमका आकडा सांगत नाहीत, तिचं मन अभ्यासात राहावं म्हणून. आणि मुलगी तिकडची ओढाताण सांगत नाही, घरचे काळजी करतील म्हणून. आमच्या घरात हे दोन्ही आकडे उघड आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी आई-बाबांना फोनवर खर्च वाचून दाखवते, बाबा बँकेतली शिल्लक सांगतात, आणि पुढच्या महिन्याचं आम्ही तिघं मिळून ठरवतो. परदेशी जाणाऱ्या प्रत्येकीने घराशी ही सवय निघण्याआधीच लावून घ्यावी. कर्ज साऱ्या घराने घेतलेलं असतं. त्याचा हिशेबही साऱ्या घराने ठेवला, तर ते फिटतं.