वाचून पाहिले, मान्य आहे

सही करावयास आम्हां सुशिक्षितांना फारसा वेळ लागत नाही. कागदाच्या तळाशी ‘वाचून पाहिले, मान्य आहे’ असे छापलेले असते. वाचलेले काहीच नसते, मान्य मात्र सर्व असते! हा दोष क्षुल्लक आहे अशी माझी अनेक वर्षे समजूत होती.

वस्तुतः ती समजूत मला शोभणारी नव्हती. कारण १८७५ चे दख्खनचे दंगे मी तीस वर्षे वर्गात शिकवीत आलो आहे. सुपे हे गाव तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आजच्या दौंडकडील बराच मुलूखही त्याच तालुक्यात मोडे. १२ मे १८७५ रोजी, ऐन बाजाराच्या दिवशी, तेथील शेतकऱ्यांनी सावकारांची घरे व दुकाने गाठली. त्याआधीच, १८७४ च्या अखेरीस, शिरूर तालुक्यातील कर्डे येथे गावकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला होता. या दंग्यांत रक्तपात फारच थोडा झाला. जाळले गेले ते मुख्यतः कर्जरोखे आणि वह्या. अक्षरशत्रू म्हणून हिणविलेल्या रयतेने आपला खरा शत्रू अचूक ओळखला होता. तो कागद होता!

तो शत्रू कसा झाला हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले. आणि १८६७ च्या सुमारास नव्या पाहणीने सारा मात्र वाढविला. रोख्याची मुदत तीन वर्षांवर आणणारा १८५९ चा कायदा रयतेच्या हिताचा म्हणून झाला होता. पण दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहिला जाई, आणि कुणबी त्याखाली निमूटपणे आपली निशाणी करी. उपकारासाठी घडविलेले हत्यार अपकाराच्या हाती गेले ते असे.

१८७९ च्या ‘डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट’ने या दुखण्याचे मूळ ओळखले. रोख्यामागील सर्व व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टाला मिळाला, कर्जापायी होणारी कैद बंद झाली, आणि शेतकऱ्याचा दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर लिहिला जावा असे ठरले. पुढे गहाणखताऐवजी खरेदीखत करून घेण्याची पळवाट सावकारांनी काढलीच; तथापि कागद समजावून देणारा कोणी तरी त्रयस्थ असावा, हे त्या कायद्याचे तत्त्व मला आजही थोर वाटते.

हे सारे तोंडपाठ असताना एके संध्याकाळी दौंडकडचा माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. शिरूर तालुक्यात, जेथे पूर्वी बाजरी डोले तेथे, आता रांजणगावची औद्योगिक वसाहत उभी आहे. तिकडच्या एका कारखान्यात त्याला ठेकेदारामार्फत काम मिळत होते. करारनामा इंग्रजीत होता. “सर, एवढं वाचून सांगता का?” तो म्हणाला. मी उत्तरपत्रिका तपासण्यात गढलो होतो. पहिले पान चाळून मी म्हणालो, “अरे, सगळेच सही करतात. कर तूही.” त्याने माझ्याच लेखणीने सही केली.

अकरा महिन्यांनी तो परत आला. काम सुटले होते. “सर, असं त्यात लिहिलं होतं का?” या वेळी मी कागद नीट वाचला. तिसऱ्या पानावर, स्वच्छ इंग्रजीत, सर्व लिहिलेले होते. त्याने मला दोष दिला नाही. चहा घेऊन, नमस्कार करून तो गेला. दोष दिला असता तर बरे झाले असते.

कामगारांविषयीचे २९ केंद्रीय कायदे संसदेने २०१९ व २०२० मध्ये चार संहितांत गोवले. प्रत्येक कामगाराला नेमणुकीचे पत्र द्यावे, असेही त्यांत सांगितले आहे. तरतूद निःसंशय चांगली आहे. परंतु पत्र हाती पडणे निराळे आणि ते उमगणे निराळे. सुधारणा कायद्याच्या पुस्तकात जन्मते. तिला चालते करावयाचे ते, ज्यांना वाचता येते त्यांनी. १८७५ च्या शेतकऱ्याला रोखा वाचता येत नव्हता. माझ्या विद्यार्थ्याजवळ वाचणारा होता, आणि तो वाचणारा मी होतो.

हल्ली माझ्याकडे कोणी कागद घेऊन आला, तर मी हातातले काम बाजूला ठेवतो आणि शेवटच्या पानापासून वाचावयास आरंभ करतो.