पातेल्यातले पिस्टन

कराडहून विट्याकडे जाताना रस्त्याकडेच्या एका वस्तीवर लाल ट्रॅक्टर खोललेला दिसला. बोनेट उतरवलेलं, रेडिएटर भिंतीला टेकवून ठेवलेला, मागच्या चाकांना दगडांची उटी. उन्हाळ्यात असे ट्रॅक्टर दिसतातच. पण शेजारी एक बाई घमेल्यात डिझेल घेऊन नटबोल्ट धूत बसली होती आणि धुतलेला एकेक बोल्ट वर्तमानपत्रावर मांडत होती. लांब बोल्ट एका ओळीत, आखूड दुसऱ्या ओळीत, वॉशर ज्याचा त्याच्या शेजारी. तिला कुणी काही सांगत नव्हतं आणि तीही कुणाला विचारत नव्हती. एसटी पुढे गेली, पण डोक्यात ते वर्तमानपत्र तसंच उघडं राहिलं.

ट्रॅक्टर २७५ होता. याचं मूळ गाव इंग्लंडातल्या यॉर्कशायरमधलं ब्रॅडफर्ड. इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीने तिथला जॉवेट मोटारींचा कारखाना विकत घेतला आणि १९५८च्या सुमाराला बी-२७५ बाजारात आणला. पुढे १९६३मध्ये महिंद्र, हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून आपल्याकडे कंपनी काढली. मग मुंबईत कांदिवलीच्या कारखान्यातून हाच ट्रॅक्टर निघू लागला. इंग्लंडात तो साठचं दशक सरता सरता बंद झाला. आपल्याकडे त्याचा आकडा अजून नव्या बोनेटवर झळकतो आणि त्या नावाचं सामान कुठल्याही तालुक्याच्या पेठेत मिळतं. पस्तीसेक हॉर्सपॉवरच्या, चार सिलिंडरच्या या यंत्राने माणदेशापासून मराठवाड्यापर्यंत किती जमीन उलथवली असेल, त्याचा हिशोब कुणी मांडलेला नाही. मांडला असता तर मी तो आवडीने वाचला असता.

ट्रॅक्टरच्या बाबतीत माझ्या आवडीनिवडी पक्क्या आहेत. निळा फोर्ड दिसायला देखणा, यात वाद नाही. स्वराजबद्दल मनात वेगळा आदर आहे. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत त्याचा आराखडा तयार झाला आणि १९७४मध्ये पंजाबातून पहिला स्वराज ७२४ बाहेर पडला. परदेशी परवान्याशिवाय बनलेल्या ट्रॅक्टरला हेच नाव शोभलं. हवेवर थंड होणाऱ्या एका सिलिंडरच्या जुन्या आयशरचा सुटा सुटा ठोका ऐकला की आजही मान वळते. हा आयशर १९५९मध्ये फरिदाबादला बनू लागला. पण जीव आहे तो २७५वर, आणि तोही उन्हाने विटून विटकरी झालेल्या लाल रंगाच्या. जुना ट्रॅक्टर घेतला की लोक आधी रंगाऱ्याकडे नेतात. मडगार्डवर वाघ काढतात, बंपरला रेडियमच्या पट्ट्या मारतात, छताला स्पीकर बांधतात. हौस असावी. मात्र आधी इंजिन, मग ब्रेक, मग लिफ्ट, आणि हे सगळं झाल्यावर उरलेल्या पैशांत रंग, हा क्रम मला योग्य वाटतो.

आमच्या तात्यांनी, म्हणजे थोरल्या चुलत्यांनी, असाच एक वापरलेला २७५ घेतला होता. तो निळा धूर सोडायचा आणि डिझेलइतकंच ऑइल प्यायचा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल पुरतं जळत नाहीये. पांढऱ्याची कारणं अनेक, ती मिस्त्री आल्यावर कळतात. उन्हाळ्यात नांगरट उरकल्यावर तात्यांनी इंजिन बांधायचं काढलं. मिस्त्री कराडहून आले. मूळचे विहिरीवरच्या इंजिनांचे माणूस. आमच्या भागात डिझेलची विद्या आधी विहिरीवर आली, ट्रॅक्टर मागून आले. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर वावरात, त्यांचंच इंजिन विहिरीवर. त्या इंजिनाचं नोझल साफ करता करता ज्यांचे हात तयार झाले, त्यांनीच पुढे ट्रॅक्टर खोलले.

मिस्त्रींनी खोलण्याआधी इंजिन चालू करायला लावलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या अंगाला आणि मूठ कानाला लावून ते एकेक सिलिंडर ऐकत गेले. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग म्हणाले, "तिसऱ्याचा पिस्टन लायनरमधी हालतोय." हेड उतरवलं, पिस्टन काढला, तर तिसऱ्या लायनरला वरच्या अंगाला अशी झीज की नख अडकावं. तेव्हापासून मला डोळ्यांपेक्षा कानाने काम करणाऱ्या माणसांचा जास्त भरवसा वाटतो.

क्रँक कराडला ग्राइंडिंगला गेली. व्हॉल्व्ह घरीच बसवले. व्हॉल्व्हच्या कडेला घासायची पेस्ट लावायची, रबरी चकती बसवलेली काठी त्याच्या डोक्याला चिकटवायची आणि दोन्ही तळव्यांत धरून ताकाच्या रवीसारखी फिरवायची. अधूनमधून उचलून पाहायचं. कडेवर सगळीकडून सारखा करडा पट्टा उमटला की व्हॉल्व्ह बसला. वरून डिझेल ओतून ठेवायचं, खाली थेंब आला की पुन्हा घासायचं. माझ्या वाट्याला हे काम आलं आणि मी ते कुणाला देईना.

मग मिस्त्रींनी आजीकडे पातेलं मागितलं. पिस्टन अॅल्युमिनियमचा, त्याच्यातली पिन पोलादाची. थंडपणी पिन घट्ट बसते, ठोकून घालावी तर पिस्टनला इजा होते. पिस्टन उकळत्या पाण्यात ठेवला की अॅल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुलतं आणि तीच पिन अंगठ्याने सरकते. आजीने स्वयंपाकाच्या भांड्यांना हात लावू दिला नाही. न्हाणीच्या चुलीवरचं काळं पातेलं दिलं, आणि जाळ घालायला स्वतः बसली. चार नवे कोरे पिस्टन त्या पाण्यात बुडाले. पाण्याला आधण आल्यावर मिस्त्रींनी फडक्यात धरून पहिला पिस्टन काढला, कनेक्टिंग रॉड आत धरला आणि पिन अशी आत गेली, जणू तिला कुणी अडवलंच नव्हतं. आजी उठून जवळ आली. "आता निवला की निघायची न्हाय?" तिने विचारलं. "न्हाय आज्जी," मिस्त्री म्हणाले, "आता एकमेकांस्नी धरून बसतील." आजीला ते पटलं. पुढच्या तिन्ही पिस्टनांना तिने तेवढाच जाळ ठेवला, कमी नाही, जास्त नाही.

रिंगा चढवताना मिस्त्री मला म्हणाले, "पोरी, रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची न्हाईत. आली की जाळ सरळ खाली उतरतो." रिंगेचं तोंड म्हणजे तिच्यातली फट. एकीची पूर्वेला तर दुसरीची नैऋत्येला अशी ती फिरवून ठेवायची. हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेर आवळत न्यायचे, तेही एकदम नाही, दोन-तीन फेऱ्यांत. कडेकडेने आवळत आलं तर हेड वाकतं आणि गॅस्केट फुटते. या सगळ्याला कारणं होती आणि कारणं विचारली की मिळत होती. माझ्या शाळेत इतकी सरळ उत्तरं क्वचित मिळायची.

शेवटी हवा काढायची होती. डिझेलच्या वाटेत हवा अडकली की इंजिन लागत नाही. पंपाचा दाब हवेला दाबण्यातच जातो. फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, हातपंपाचं बटण दाबत राहिले. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग काचेसारखं अखंड डिझेल. स्क्रू आवळला. तात्यांनी स्टार्टर मारला. एक सिलिंडर लागला, मग दुसरा, थरथरत तिसरा, आणि चौथा लागल्यावर अंगणातली सगळी माणसं एकदम बोलायला लागली. मिस्त्रींनी मात्र आधी ऑइलच्या घड्याळाकडे पाहिलं, काटा वर आल्याची खात्री केली आणि मगच चहा मागितला. त्या वर्षी खंडेनवमीला ट्रॅक्टरची पूजा झाली, तेव्हा आजीने ते काळं पातेलंही घासून शेजारी ठेवलं होतं.

मोठ्या नव्या ट्रॅक्टरांवर, पन्नास हॉर्सपॉवरच्या वरच्यांवर, जानेवारी २०२३पासून धुराचे कडक नियम आले. डिझेल किती आणि केव्हा सोडायचं, हे त्यांच्यात आता संगणक ठरवतो. हवा स्वच्छ राहणार असेल तर हे व्हायलाच हवं. आमच्या २७५चा धूर मी जवळून घेतला आहे. पण त्या नव्या ट्रॅक्टरचा बिघाडाचा दिवा लागला की स्कॅनर घेऊन माणूस यावा लागतो, आणि नांगरटीच्या ऐन दिवसांत तो कधी येईल हे शेतकऱ्याच्या हातात राहत नाही. कर्ज त्याच्या नावावर, हप्ता त्याच्या नावावर, मग दोष कुठे आहे हे कळण्याची सोयही त्याच्या अंगणात असावी. नियम करणाऱ्यांनी धुराइतकाच याचाही विचार करावा, असं मला मनापासून वाटतं. तालुक्याच्या आयटीआयमध्ये स्क्रूड्रायव्हर कानाला लावायला आणि स्कॅनर वाचायला एकाच बाकावर शिकवता येईल.

तात्या आता ट्रॅक्टर चालवत नाहीत. ओट्यावर बसून ऐकतात. वळवाचा पाऊस पडून गेला की शिवारात चारी बाजूंनी इंजिनं सुरू होतात आणि त्यांना एकेक ओळखू येतं. परवा ओढ्यापलीकडच्या नांगरटीकडे कान लावून म्हणाले, "त्याचं एक नोझल टपकतंय. असंच चालवलं तर पिस्टन जळंल." मग चपला शोधू लागले. फोन करा म्हटलं, तर म्हणाले, फोनवर सांगून समजायचं नाही; नांगर थांबवून, ट्रॅक्टर बंद करायच्या आधी, त्याला स्वतःच्या कानाने ऐकवायला हवं.