नळीतून येणारा थेंब

डायालिसिस म्हटलं की आपल्याला किडनीचे पेशंट आठवतात. मी पडलो आयटीवाला. एका औषध कंपनीच्या लॅबसाठी डेटाबेस करायचं काम आलं, तेव्हा ‘मायक्रोडायालिसिस’ हा शब्द प्रथम कानावर पडला.

प्रकार असा. सुईसारख्या बारीक प्रोबच्या टोकाला सच्छिद्र पडदा. प्रोब उंदराच्या मेंदूत बसवायचा आणि आतून क्षारांचं द्रावण अगदी सावकाश सोडायचं. आजूबाजूचं औषध पडद्यातून झिरपून त्यात येतं.

आमच्या धंद्यात मशीनने दिलेला आकडा कॉलममध्ये गेला की विषय संपला. इथे तसं नाही! थेंबात आलेलं औषध हा बाहेरच्या औषधाचा फक्त एक हिस्सा. त्याला म्हणतात रिकव्हरी, आणि ती फार लहरी. पंप हळू चालवला तर रिकव्हरी वाढते, पण मिनिटाला १ मायक्रोलिटर वेगाने १० मिनिटांत जेमतेम १० मायक्रोलिटर जमतं. तेवढ्यात तपासणी करायची. पडदा लांब असला तर जास्त औषध येतं, पण मेंदूच्या छोट्या भागात लांब पडदा मावणार कसा? काही औषधं नळीलाच चिकटतात. शिवाय नळीत १० मायक्रोलिटर मावत असेल, तर हातात पडलेला थेंब १० मिनिटं जुना असतो.

बीकरमध्ये मोजलेली रिकव्हरी मेंदूला लावता येत नाही. तिथे औषधाला पेशींमधल्या वाकड्यातिकड्या बोळांतून यावं लागतं. म्हणून उलट युक्ती करतात : आतल्या द्रावणातच औषध घालायचं आणि किती बाहेर गेलं ते बघायचं. हे सगळे कप्पे आमच्या डेटाबेसात आले.

एक गोष्ट मात्र घरी घेऊन आलो. प्रथिनांना चिकटलेलं औषध या पडद्यातून येतच नाही. येतं ते मोकळं, आणि काम करतं तेही मोकळंच. माझ्या आईला पुण्यात कित्येक वर्षं फिटसाठी फेनिटॉइन चालू आहे. या औषधाचा सुमारे ९०% भाग रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटलेला असतो. नेहमीच्या रिपोर्टवर असतो तो एकूण आकडा. अल्ब्युमिन कमी असेल, तर तो नॉर्मल दिसूनही मोकळं औषध जास्त असू शकतं. आणि आई हल्ली दिवसभर पेंगते.

त्या रात्री भावाला फोन करून अल्ब्युमिन विचारलं. कमी होतं. पुढच्या भेटीत डॉक्टरांना मोकळ्या फेनिटॉइनच्या तपासणीचं विचारायचं ठरलं. पलीकडून आईचा आवाज आला, “तू कॉम्प्युटरवाला ना रे? माझ्या गोळ्यांत कशाला शिरतोस?”