रस्त्याच्या कडेला

मुंबईतील एका धर्मग्रामात आम्ही होतो ती काही वर्षे जानेवारीतला एक रविवार आम्हांस मुळीच आवडत नसे. २००४ साली या शहरात मॅरेथॉन सुरू झाली आणि तिची वाट आमच्या चर्चजवळून जात होती. त्या दिवशी पहाटेपासून रस्ते बंद, टॅक्सी नाही, बस नाही. सकाळच्या मिस्सेला निम्मी बाके रिकामी राहत. धावणाऱ्यांनी खुशाल धावावे. पण आमच्या वृद्ध भाविकांनी यावे कसे, असे आम्ही वेदीवरूनही बोलून दाखवीत असू. ती तक्रार आजही आम्हांस अगदी खोटी वाटत नाही.

२०१९ साली मात्र मिस्सा आटोपून, अंगावरचा पांढरा झगा न उतरविताच, आम्ही फाटकाशी जाऊन उभे राहिलो. रागानेच, म्हणा ना! आणि पाहतो तो काय, आमच्या रिकाम्या बाकांवरची कित्येक माणसे तिथेच होती. कुणी संत्र्यांच्या फोडी घेऊन उभे, कुणी ताटलीत मीठ आणि चिक्कीचे तुकडे, कुणाच्या हाती पाय आखडलेल्यांसाठी फवारा. समोरच्या इमारतीतील मुले स्टीलच्या थाळ्या बडवीत होती. येणाऱ्याजाणाऱ्याच्या छातीवरच्या पट्टीवर नाव दिसले की ते मोठ्याने वाचून, जन्माची ओळख असावी तशी त्याला हाक मारीत होती.

जिंकणारे केव्हाच पुढे गेले होते. ते सव्वादोन तासांच्या आत बेचाळीस किलोमीटर संपवितात. त्यांना थाळ्यांची गरज नसावी. मागून येत होते ते पाच-सहा तासांचे प्रवासी, पहाटेच्या अंधारात निघालेले कारकून, गृहिणी, निवृत्त शिक्षक. तीसेक किलोमीटरनंतर स्नायूंतील शर्करेचा साठा संपत येतो, घामावाटे मीठ निघून जाते, त्यात मुंबईचे दमट ऊन चढू लागते. तेथून पुढे माणूस पायांनी कमी आणि मनाने अधिक धावतो.

असाच एक पन्नाशीचा गृहस्थ आमच्यासमोर थांबला. पोटरीत गोळा आला होता, चेहरा पांढराफटक. आम्ही धावत जाऊन त्याच्या काखेत हात घातला. तो म्हणाला, "फादर, धरू नका. धरलंत तर मी बसेन, आणि बसलो तर उठायचा नाही. नुसते चला थोडे बरोबर."

आम्ही चाललो. झगा सावरीत, शे-दोनशे पावले. मग तो हळूहळू धावू लागला आणि गर्दीत मिसळून गेला. त्याचे अजून दहा-बारा किलोमीटर उरले होते. त्याने ते पुरे केले की नाही, आम्हांस कळले नाही.

परत येताना फार पूर्वी वाचलेली एक हकिगत आठवली. १९०८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये दोरान्दो पिएत्री नावाचा इटालियन धावपटू मॅरेथॉनमध्ये सर्वांच्या पुढे मैदानात शिरला. पण भान हरपून तो उलट्या दिशेने वळला आणि पुनःपुन्हा कोसळला. पंचांना राहवेना, त्यांनी त्याला उठविले, आधार दिला. शेवटची रेषा त्याने पहिल्यांदा ओलांडली खरी, परंतु दुसऱ्यांच्या हातांनी ओलांडल्यामुळे तो बाद ठरला आणि सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेजला मिळाले. दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने पिएत्रीला चांदीचा पेला दिला. पंचांची दया खरी होती. तिनेच त्याचे पदक गेले.

आमच्या मनाला ही गोष्ट बोचली, त्याला कारण होते. त्या सुमारास धर्मग्रामातील एक तरुण दारूतून सुटू पाहत होता. आम्ही त्याची उधारी फेडली, मालकाकडे त्याच्या वतीने रदबदली केली, त्याच्या आईला त्याच्याऐवजी आम्हीच वचने दिली. तो पडला की आम्ही उचलीत होतो आणि त्याला आमचे प्रेम समजत होतो. त्याची शर्यत आम्हीच धावत आहोत, हे ध्यानी आले नव्हते.

त्या संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो. पैसे नेले नाहीत, उपदेशही नेला नाही. "उद्यापासून रोज सायंकाळी तुझ्याबरोबर चालायला येईन, मालकाला मात्र तूच भेटायचे," एवढेच सांगितले. तो रागावला. दोन आठवडे दार उघडले नाही. तिसऱ्या आठवड्यात चपला घालून बाहेर आला.

त्यानंतरही तो दोनदा घसरला. पण दोन्ही वेळा स्वतः उठला, आणि उठल्याचे सांगायला स्वतः आला. आमची बदली झाली. त्याची पत्रे येतात. पुढची वाट किती, हे त्यालाही ठाऊक नाही आणि आम्हांसही नाही.

आता मॅरेथॉनचा रविवार आला की आम्ही बंद रस्त्यांबद्दल बोलत नाही. घरी येऊ न शकणाऱ्या वृद्धांकडे आदल्या दिवशी जाऊन येतो, आणि त्या शहरातील आमच्या जुन्या मंडळींना फोन करून विचारतो, "संत्री सोललीत का?"