चाकांचा हिशेब

खामगावात सुतारकाम करताना बहुतेक घरांतून एकच मागणी येते, "भाऊ, ओटा थोडा वाढवून द्या ना." मी म्हणतो, "ताई, ओटा राहू द्या. एका टेबलाला चाकं लावून देतो."

आपल्याकडचं जुनं स्वयंपाकघर हलतंच होतं. पाट, विळी, परात, लोखंडी शेगडी, सगळं लागेल तिथे उचलून न्यायचं. गॅस आला, उभ्याचा ओटा आला आणि सामान भिंतीला चिकटलं. त्या ओट्याखाली पहिलं चाक आलं ते सिलिंडरच्या ट्रॉलीचं. १४.२ किलो गॅस आणि जवळपास तेवढीच लोखंडाची टाकी, हे ओझं रोज झाडताना कोण सरकवणार?

चाक निवडताना मी आधी फरशी बघतो. शहाबादीच्या सांध्यात लहान चाक अडकतं, तिथे ३ इंची लागतं. नायलॉनचं खडखडतं, काळ्या रबराचे डाग पडतात, पीयूचं (पॉलियुरेथेनचं) चाक मुकाट चालतं. पत्तीसकट ते टेबल ४ इंच उचलतं, म्हणून पाय तेवढे आखूड कापायचे.

मग वजन. क्विंटलभर गव्हाची कोठी पत्र्यासकट १२० किलो धरा. चार चाकांत वाटून ३० येतात, पण उंचसखल फरशीवर भार तीनच चाकं घेतात. म्हणून तीनने भागायचं आणि ४० आले की ५० किलोचं चाक घ्यायचं. टेबलावर मिक्सर, डबे खालच्या कप्प्यात; वर जड झालं की वळताना कलंडतं. दोन चाकं ब्रेकची, पायाने दाबता येतील अशी पुढच्या बाजूला. तरी कणीक मळायची ओट्यावरच, कारण ब्रेक लावूनही फिरतं चाक थोडं डुलतंच. भाजी चिरायला, ताटं वाढायला, उन्हाळ्यात कुरडयांचा चीक आणि सोऱ्या ठेवायला हे टेबल उत्तम. उंबरठा मात्र त्याला ओलांडता येत नाही. अंगणात न्यायचं असेल तर दोघांनी उचलावं.

इटलीच्या जो कोलंबोने १९६३ साली बोफी कंपनीसाठी अख्खं स्वयंपाकघरच चाकांवर बसवलं. शेगडी, फ्रिज, कप्पे, सगळं एका पेटीत. ती विजेवर चालायची. आपल्या शेगडीला गॅसची नळी असते, ती ताणली की धोका. माझा नियम साधा आहे. विस्तव आणि नळ जागेवर, बाकीचं हलू द्या.

तेव्हा गवंड्याला बोलावण्याआधी आठवडाभर घरात लक्ष ठेवा. जी वस्तू रोज ओढली जाते, तिला आधी चाकं लावा. ओटा फोडायची वेळ बहुधा येणारच नाही.