तांब्याच्या गावातलं 'ताक'

बालमित्रांनो, तुम्ही कुणाला खाऊ दिलात आणि तो तुम्हांला 'ताक' म्हणाला, तर? तुम्ही नक्की वाटीभर ताक आणायला धावाल! पण थांबा. नॉर्वे देशात 'ताक' म्हणजे 'आभारी आहे', बरं का!

माझी धाकटी बहीण नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहरात नोकरी करते. मी चंद्रपूरच्या एका शाळेत शिकवते. आमच्याकडे शाळा उघडते जूनच्या शेवटी. तेव्हा चंद्रपूरच्या उन्हातून निघाले आणि थेट तिच्याकडे पोचले. ती म्हणाली, "ताई, तू खाणींच्या गावातली. चल, तुला इथलं खाणीचं गाव दाखवते." आगगाडीनं अडीचेक तासांत आम्ही रोरोसला उतरलो.

रोरोस म्हणजे डोंगरमाथ्यावरचं, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच असं चिमुकलं गाव. वस्ती जेमतेम चारेक हजार. हिवाळ्यात इथे हाडं गोठवणारी थंडी पडते. १९१४ सालच्या जानेवारीत तर पारा शून्याखाली ५० अंशांवर गेला होता! आम्ही गेलो तेव्हा मात्र छान ऊन होतं आणि रात्री दहा वाजतासुद्धा चक्क उजेड!

गावात दोन मुख्य रस्ते. दोन्ही चढत चढत एकाच ठिकाणी जातात, तांबं वितळवायच्या भट्टीकडे. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना लाल, पिवळी, हिरवी लाकडी घरं. जणू रंगपेटीच उघडून ठेवलीय! आणि या सगळ्यांच्या वर दिमाखात उभं आहे १७८४ सालचं पांढरं दगडी चर्च. त्याच्या मनोऱ्यावर खाणकामगारांची खूण आहे.

१६४४ साली इथे तांब्याचं काम सुरू झालं आणि १९७७ साली कंपनी बंद पडली. म्हणजे तीनशे तेहतीस वर्षं! १९८० साली युनेस्कोनं या गावाला जागतिक वारसा म्हणून मान दिला.

पण खरी गंमत गावाच्या टोकाला आहे. तिथे काळे डोंगर दिसतात. गवताचं पातंही नीट उगवत नाही. दगडातून तांबं वितळवून काढल्यावर जी मळी उरते ना, तिचे हे ढीग. आपल्या कोळसाखाणींजवळ मातीचे डोंगर असतात, त्यांची मला आठवण झाली. त्या ढिगांना लागूनच कामगारांच्या बुटक्या झोपड्या आहेत. काहींच्या छपरांवर गवत वाढलेलं. गावकऱ्यांनी ढीग हलवले नाहीत, झोपड्याही पाडल्या नाहीत. रंगीत घरांइतक्याच जपून ठेवल्या आहेत.

दुपारी आम्ही गावापासून १३ किलोमीटरवरच्या ओलाव्ह खाणीत उतरलो. डोक्यावर हेल्मेट, अंगात जाडजूड कोट! आत बाराही महिने ५ अंश तापमान. पूर्वी सुरुंगाची दारू नव्हती, तेव्हा दगड कसा फोडत असतील? ओळखा पाहू! खडकाला लागून लाकडं रचायची आणि पेटवायची. खडक तापून तडकला की तो हातोड्यानं फोडायचा. त्यापायी आजूबाजूची जंगलं तुटली.

बाहेर आणलेला दगड निवडायला कोण असायचं, ठाऊक आहे? तुमच्याएवढी मुलं! हातोडीनं दगड फोडायचा, तांब्याचा भाग एकीकडे आणि टाकाऊ दगड दुसरीकडे. योहान फाल्कबर्गेट नावाचा असाच एक खाणकामगाराचा मुलगा होता. तो १८७९ साली जन्मला आणि सात-आठ वर्षांचा असतानाच खाणीवर कामाला लागला. पुढं तो नॉर्वेतला मोठा लेखक झाला. त्याच्या एका गाजलेल्या कादंबरीच्या नावाचा अर्थ आहे 'रात्रीची भाकर'. तिची नायिका एक कष्टकरी मुलगी आहे.

भट्टीसमोरच्या चौकात अजूनही एक घंटा आहे. कामगारांना कामावर बोलावणारी. मी तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिले. घंटा तर मीही रोज ऐकते, पण ती मुलांना शाळेत बोलावते.

चालून चालून पोटात कावळे ओरडायला लागले! एका छोट्या उपाहारगृहात गेलो. तिथे मिळालं 'च्युकमेल्क', म्हणजे घट्ट दूध. आपल्या दह्याचंच भावंडं म्हणा ना! पण चमच्यानं उचललं की तार धरतं. पूर्वी ते लावायला दुधात एका झाडाची पानं घालत. आणि ते झाड किडे खातं! पानांच्या चिकट रसात बारीक किडे अडकतात. मग पावावर तपकिरी चीज आलं. दुधाचं पाणी आटवून करतात. रंग भाजलेल्या खव्याचा, चव गोड-खारट. बहिणीनं रेनडिअरच्या मांसाचा रस्साही मागवला. मी शाकाहारी, म्हणून मी आणखी एक वाटी घट्ट दूध संपवलं!

शेजारच्या टेबलावर सातआठ वर्षांचा एक मुलगा जेवत होता. ताटली रिकामी झाल्यावर तो आईकडे बघून म्हणाला, "ताक फॉर मातेन," आणि सायकलकडे धूम पळाला. बहिणीनं अर्थ सांगितला, "जेवणाबद्दल आभार. इथली सगळी मुलं जेवून उठताना असं म्हणतात."

मी त्याच्याकडे पाहत राहिले. याच वयाचा फाल्कबर्गेट याच भागात दगड फोडत होता. हा मात्र सायकलवर शीळ घालत चालला होता.

मग, आज रात्री जेवण झाल्यावर आईला किंवा ज्यांनी स्वयंपाक केला असेल त्यांना म्हणून बघा, "ताक फॉर मातेन!" त्यांनी ताकाचं पातेलं पुढं केलं, तर तेही पिऊन टाका!