वसईची हवा : ब्रोशरमधली आणि खरी

‘समुद्रकिनारी आहे, म्हणजे हवा छानच असणार!’ असं म्हणत विरार फास्ट पकडायचा विचार करताय? वीकेंडसाठी, की कायमचं राहायला? मग वसई-विरारच्या हवेचं खरं टाइमटेबल आधी बघून घ्या.

वसई-विरारमधल्या एखाद्या नव्या प्रोजेक्टचं ब्रोशर उघडा. स्विमिंग पूल, क्लब हाऊस आणि त्यांच्याच रांगेत ‘सी ब्रीझ’! आकडे बघितले तर बिल्डरचं काही चुकत नाही. मे महिन्यातही पारा साधारण ३३-३४ अंशांवर, थंडीतल्या पहाटे १६-१७. ना दिल्लीची थंडी, ना चंद्रपूरचं ऊन. ऑफिसमधल्या नागपूरकर मित्राला हे आकडे सांगा, तो हसेल. ‘चौतीस? याला तुम्ही उन्हाळा म्हणता?’

त्याला मे महिन्यात दुपारी तीन वाजता नालासोपारा पूर्वेला बोलवा. लाइट गेलेली असेल तर उत्तमच. पाच मिनिटांत शर्ट पाठीला चिकटेल आणि विदर्भातल्या चव्वेचाळीस अंशांची त्याला चक्क आठवण येईल.

३७ चा हिशेब

यात त्याच्या सहनशक्तीचा दोष नाही. नागपुरात घाम येतो आणि वाळतो. वाळताना तो शरीराला थंड करतो. किनाऱ्यावर हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम वाळायला जागाच उरत नाही. तो नुसता वाहतो. शरीर घाम गाळतं, पण गार काही होत नाही. हवामान खात्यालाही हे माहीत आहे. म्हणूनच मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार पारा ४० ला पोहोचला की सुरू होतो, तर किनारपट्टीवर ३७ लाच. अट एवढीच की तो नेहमीच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी वर हवा.

ही कागदावरची गोष्ट नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्काराचा सोहळा भर उन्हात झाला आणि त्यानंतर १४ जण दगावले. त्या दिवशी त्या परिसरात पारा चाळिशीलाही टेकलेला नव्हता.

त्यात आणखी एक गंमत. वसईकर टीव्हीवर जे ‘मुंबईचं तापमान’ बघतो, ते बहुतेक वेळा सांताक्रूझच्या वेधशाळेतलं असतं. म्हणजे तीसेक किलोमीटर दक्षिणेकडचं. एवढ्या अंतरानं काय फरक पडतो? २६ जुलै २००५ आठवा. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला शंभरही नाही!

वारा लेट आहे

वसईचा दिवस कसा जाणार, हे सूर्यापेक्षा वाऱ्यावर जास्त ठरतं. शाळेच्या भूगोलातले मतलई वारे आणि खारे वारे आठवतात? रात्री आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई, जमीन तापल्यावर समुद्राकडून येतात ते खारे. दुपारच्या आत खारा वारा सुटला की पारा जागच्या जागी थांबतो. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये पूर्वेकडून येणारा कोरडा वारा कधी कधी इतका जोरात असतो की खारा वारा लेट होतो. विरार लोकलसारखाच! तो एक-दोन वाजेपर्यंत आला नाही की पारा सुसाट सुटतो. म्हणून इथले सगळ्यात तापलेले दिवस अनेकदा मे महिन्यात नसतात, आधीच येऊन जातात. सांताक्रूझचा आजवरचा उच्चांक ४२.२ अंश आहे, तो १४ एप्रिल १९५२ चा. नीचांकही ऐकून ठेवा : २२ जानेवारी १९६२, ७.४ अंश. ‘सौम्य’ हवेच्या गावात!

खारा वारा आला तरी तो सगळ्यांना सारखा मिळत नाही. रेल्वेच्या रुळांनी या शहराचे दोन भाग केलेत आणि दोन्हीकडे दोन वेगळी हवामानं नांदतात. पश्चिमेला भुईगाव, निर्मळ, आगाशी, अर्नाळा या पट्ट्यात अजून वाड्या आहेत. केळी, नारळ, सोनचाफा, मोगरा. पूर्वेला वालीव-गोखिवऱ्याची इंडस्ट्री, खेटून उभ्या इमारती, पत्र्याच्या चाळी आणि मागे तुंगारेश्वरचे डोंगर. वारा इमारतींत अडतो आणि दिवसभर तापलेलं काँक्रीट रात्रभर ती धग सोडत बसतं. संध्याकाळी सातला पूर्वेकडून बाइकवर निघा आणि निर्मळच्या वाड्यांत शिरा. हँडलवरच्या हातांना फरक कळतो. थर्मामीटर लागत नाही.

बावखल म्हणजे काय रे भाऊ?

पश्चिमेचा हा गारवा नुसता समुद्रानं दिलेला नाही, तो माणसांनी राखलेला आहे. इथल्या वाड्यांच्या कडेनं जुन्या लोकांनी खड्डे खणून गोड्या पाण्याची तळी केली. त्यांना बावखल म्हणतात. पावसाळ्यात ती भरतात, पाणी हळूहळू जमिनीत मुरतं आणि विहिरी उन्हाळ्यापर्यंत टिकतात. समुद्र इतक्या जवळ असूनही विहिरींचं पाणी गोडं राहतं, त्यात या मुरलेल्या पाण्याचा मोठा वाटा आहे. गोडं पाणी जास्त उपसलं की खारं पाणी आत सरकतं. मग विहीर जाते आणि पाठोपाठ वाडी.

१९८० च्या दशकाच्या अखेरीपासून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती टँकरनं होणारा पाण्याचा उपसा आणि बेसुमार बांधकामं यांच्याविरुद्ध रस्त्यावर उतरली, ती यासाठीच. दिब्रिटो २०२० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ ला ते गेले. तोवर कित्येक बावखलं मातीनं भरून त्यांचे प्लॉट झाले होते.

पाऊस आला मोठा

मुंबईत मान्सून पोहोचण्याची सरकारी तारीख ११ जून. २०२५ मध्ये तो २६ मेलाच हजर झाला. नंतर सप्टेंबरअखेरपर्यंत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. तुंगारेश्वर हिरवंगार, वाड्यांत बेडकांची मैफल, टेरेसवर भजी. रोमँटिक आहे, खोटं कशाला बोला? फक्त जीन्स चार दिवस वाळत नाही आणि कपाटातल्या लेदरच्या बुटांवर बुरशी येते.

खरा प्रश्न पाणी जातं कुठे, हा आहे. नकाशा बघा. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा. डोंगरावरचं पाणी रुळांखालून, सखल खाजणांतून आणि मिठागरांतून खाडीला मिळतं. तेही ओहोटी असेल तरच. मोठा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाण्याला जायला वाट नाही. त्यात खाजणं बुजवून इमारती झाल्या, तर ते पाणी तळमजल्यावर येणार, आणखी कुठे?

९ आणि १० जुलै २०१८ ला हेच झालं. नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखाली गेले, लोकल बंद पडल्या, अडकलेल्या मेल-एक्स्प्रेसमधल्या प्रवाशांना एनडीआरएफच्या जवानांनी बाहेर काढलं. मिठागरांत शेकडो माणसं अडकली, वीज गेली. त्यानंतर महापालिकेनं आयआयटी मुंबई आणि नीरी या संस्थांच्या तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी सुचवलेल्या उपायांत एक होता धारण तलाव, म्हणजे पावसाचं पाणी थोडा वेळ साठवून धरणारी तळी. आपण बुजवत होतो ती बावखलं वेगळं काय करत होती?

कोरड्या दिवसांची कमाई

ऑक्टोबर हीटचे दोन-तीन आठवडे दात-ओठ खाऊन काढा. पुढे वसई खरंच ब्रोशरसारखी होते. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत पहाटे मतलई वारा, दुपारी खारा, रात्री पंखा दोनवर. नाताळात गावोगावी कंदील आणि गोठे सजतात, तेव्हा एखादा स्वेटरही कपाटातून बाहेर निघतो.

याच कोरड्या हवेवर इथल्या कित्येक घरांची चूल पेटते. आगाशीची प्रसिद्ध सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून कडक उन्हात सुकवलेली. ऊन ढगाळलं की माल बिघडला. किनाऱ्यावर बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळतात. मिठागरांत भरतीचं पाणी घेऊन ते उन्हा-वाऱ्यावर आटवतात. या सगळ्यांना ‘छान पाऊस पडला’ हे वाक्य जानेवारीत ऐकायचं नसतं. आपल्याला अवकाळी सर म्हणजे स्टेटस टाकायचा मौका, त्यांची मात्र आठवड्याची मेहनत त्यात विरघळते. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला समांतर गुजरातकडे गेलं, तेव्हा त्याच्या नुसत्या बाजूनं जाण्यानंही इकडे धडकी भरली होती.

हवेचा हा हिशेब चिमाजी अप्पांनाही चुकला नव्हता. १७३९ च्या फेब्रुवारीत मराठ्यांनी वसईच्या किल्ल्याला वेढा घातला आणि मे महिन्यात पोर्तुगीज शरण आले, पाऊस तोंडावर असताना. आणखी महिना गेला असता तर या चिखलात तोफा आणि माणसं दोन्ही रुतली असती.

फिरायला जाताय? घर बघताय?

फिरायचं असेल तर डिसेंबर-जानेवारी बेस्ट. सकाळी किल्ला, दुपारी एखाद्या वाडीत जेवण, संध्याकाळी भुईगाव किंवा राजोडीचा किनारा. उन्हाळ्यात जायचं तर चारनंतरच. पावसात वाड्यांमधून बाइक राइड जरूर करा, पण चिंचोटीच्या धबधब्याचा हट्ट नको. तिथे माणसं बुडाली आहेत आणि पावसाळ्यात प्रशासन बंदी घालतं, ते उगाच नाही.

फ्लॅट बघायचा असेल तर मात्र डिसेंबरात अजिबात जाऊ नका! डिसेंबरात सगळेच फ्लॅट हवेशीर असतात. एकदा मे महिन्यात दुपारी तीनला जा, पंखा बंद करायला सांगा आणि दहा मिनिटं हॉलमध्ये बसून बघा. दुसऱ्यांदा जुलैत जा. भरतीचं वेळापत्रक आधीच जाहीर होतं. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस असा दिवस गाठा. स्टेशनपासून बिल्डिंगपर्यंत चालत जा आणि पाणी कुठवर येतं ते बघा. मग गेटवरच्या वॉचमनला किंवा शेजारच्या दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : इमारत उभी राहायच्या आधी इथे काय होतं? उत्तर ‘खाजण’ किंवा ‘तळं’ असं आलं, तर टोकन अमाउंटचा चेक खिशातच राहू द्या.